झाक वेगळी, छटा वेगळी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या शेतीच्या पानावर द्राक्षांची बातमी होती, थंडीमुळे मण्यांवर "गुलाबी छटा" आलीये आणि त्यामुळे भाव पडतोय अशी, आणि त्याच अंकात आतल्या पानावर नवजात बाळाच्या काविळीवर लेख होता, त्यात "बाळाचा रंग पिवळा होतो" एवढंच लिहून पुढे गेलेत. दोन्ही मजकूर कामाचे होते, मी शेवटपर्यंत वाचले, पण दोन्हीकडे जो शब्द यायला हवा होता तोच आला नाही. तो शब्द म्हणजे झाक. माझं नाशिकरोडला मॅचिंगचं दुकान आहे, ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकराचं कापड, म्हणजे दिवसभर रंगात रंग बघत बसणं हाच धंदा, त्यामुळे हे खुपलं आणि म्हणून सविस्तर लिहितेय, जागेअभावी कापलंत तरी चालेल पण मुद्दा राहू द्या.

छटा आणि झाक हल्ली सगळे एकच समजून वापरतात, टीव्हीवर, जाहिरातीत, पेपरात सगळीकडे छटाच. पण दोन्हीत फरक आहे आणि तो आमच्यासारख्या रंगाच्या धंद्यातल्या माणसाला रोज लागतो. छटा म्हणजे एकाच रंगाच्या घरातलं कमी-जास्त. निळ्याच्या छटा म्हणजे अस्मानी, मग जरा गडद, मग नेव्ही ब्लू, सगळा निळाच, फक्त पायऱ्या वेगळ्या. झाक म्हणजे मूळ रंग एक आणि त्याच्यातून डोकावणारा रंग दुसरा. मोरपंखीला हिरवी झाक असते तशी निळीही असते, एकाच नावाने दोन गठ्ठे येतात आणि दोन्हींवर वेगळं अस्तर लागतं. गिऱ्हाईक म्हणतं "ताई हा मरून आहे पण याला जरा चॉकलेटी झाक मारतेय, मला जांभळी झाक असलेला द्या", आणि यात मरूनच्या छटेचा काही संबंधच नसतो, दोन्ही कापडं सारखीच गडद असतात. आता या वाक्यात झाकच्या जागी छटा घालून बघा, मी कपाटातून कुठलं थान काढायचं ते मलाच कळणार नाही.

आणि हे फक्त रंगापुरतं नाहीये. आपण म्हणतो ना, तिच्या बोलण्याला खानदेशी झाक आहे. आमच्या जिल्ह्यात मालेगाव, सटाणा, कळवणकडची माणसं दुकानात आली की लगेच कळतं, मराठीच बोलतात पण खाली अहिराणी वाहत असते, ती वर येते. तिथे कुणी खानदेशी छटा म्हणत नाही. किंवा "आवाजात रागाची झाक होती", म्हणजे बोलणं साधंच होतं पण आत राग होता तो जाणवला. उलट एखाद्या शब्दाच्या अर्थाच्या छटा असतात, तिथे झाक म्हणून चालणार नाही, कारण तिथे एकाच अर्थाचं थोडं अलीकडे-पलीकडे आहे. म्हणजे बोलणाऱ्या माणसांनी हा फरक कधीच ठरवून ठेवलाय, लिहिणाऱ्यांनी फक्त तो पाळायचाय.

इंग्रजी शब्दांवर माझा राग आहे असं कृपा करून समजू नका. शेड हा शब्द मी दिवसातून कितीदा वापरते त्याची गणती नाही, कंपनी शेड कार्ड पाठवते, त्याच्यावर नंबर असतात, शेड नंबर सांगितला की माल येतो. शेड म्हणजे छटा, बरोबर बसतं. पण झाकला दुकानात कुणी इंग्रजी शब्द काढलेला मी ऐकला नाही, पॅन्टवाल्या कॉलेजच्या मुली येतात, सगळं इंग्रजीत बोलतात, "आंटी पीच कलर दाखवा", आणि मग कापड हातात घेऊन म्हणतात "याला पिंक झाक येतेय". झाकला पर्याय मिळत नाही म्हणून तो टिकलाय. पेपरातून मात्र तो का चाललाय ते मला समजत नाही.

झाक बघायची तर उजेड महत्त्वाचा, हे सगळ्याच बायकांना माहीत असतं, म्हणून तर कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर जातात. ट्यूबलाइटखाली साडी आणि ब्लाउजपीस एकजीव दिसतात आणि बाहेर उन्हात नेले की एकाला तपकिरी झाक आणि दुसऱ्याला लाल. यात दुकानदाराची लबाडी नसते. दोन कापडं दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली असतात, ट्यूबच्या उजेडात काही रंग जास्त असतात काही कमी, त्या उजेडात दोन्ही कापडांवरून डोळ्याकडे सारखंच काही परत येतं, आणि सूर्याच्या उजेडात सगळे रंग भरपूर असल्यामुळे फरक उघडा पडतो. दुकानांत एलईडी आल्यापासून हे जास्त होतं, कारण पांढऱ्या एलईडीतही कुठला निळसर, कुठला पिवळसर. मी तर सांगते, लग्नाचं मॅचिंग संध्याकाळी करूच नका, सकाळी अकरा ते दुपारी तीनपर्यंत या.

आता येवल्याचं सांगते, कारण झाक शब्द कशासाठी आहे ते पैठणीत डोळ्यांना दिसतं. पैठणीत उभे धागे म्हणजे ताणा एका रंगाचा आणि आडवे म्हणजे बाणा दुसऱ्या रंगाचा घेतात, तेव्हा जो रंग होतो त्याला धूपछाव म्हणतात. समजा ताणा लाल आणि बाणा निळा, तर साडी लांबून जांभळी दिसते, पण घडी मोडली, पदर हलला, नेसून चाललं की कधी लाल झाक मारते कधी निळी. हे दोन्ही रंग मिसळलेले नसतात हां, डब्यात रंग कालवल्यासारखे नाही, प्रत्येक धागा आपापल्या रंगाचाच असतो, आपण कुठून बघतो त्यावर कुठला धागा पुढे येतो ते ठरतं. येवल्याच्या दुकानात साडी दाखवणारे म्हणूनच ती नुसती उलगडून ठेवत नाहीत, हातावर घेऊन वळवतात. अशा साडीला "जांभळ्या छटेची पैठणी" लिहिलं की विणणाऱ्याने जे केलं ते सगळं गेलं. तिला एक छटा नाहीच, तिला दोन झाका आहेत. आणि तिचं मॅचिंग करणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम, कारण कुठल्या झाकेला धरून ब्लाउज घ्यायचा हे गिऱ्हाइकाने ठरवायचं असतं, मी फक्त दोन्ही काढून समोर ठेवते. जरीचंही तसंच, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची जर आणि तांब्यावरची जर नवी असताना सारखी चमकते, पण तांब्यावरची काही वर्षांनी लालसर होऊन मग काळपट पडते, तिथेही आधी झाकच सांगते.

द्राक्षांच्या बातमीकडे येते. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडची कितीतरी शेतकरी कुटुंबं आमच्याकडे खरेदीला येतात, त्यांच्या बोलण्यातून जे ऐकते ते सांगते. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा किती खाली जातो ते तुम्हीच पहिल्या पानावर छापता. रात्री कडक गारठा, दिवसा चांगलं ऊन, एवढा फरक पडला की थॉमसनसारख्या हिरव्या जातीचे मणी गुलाबी व्हायला लागतात, याला ते पिंक बेरी म्हणतात, काळ्या द्राक्षात जे रंगद्रव्य असतं तेच यात थोडंसं उतरतं. चव बिघडत नाही, पण युरोपला जाणारा माल एकसारखा हिरवा लागतो म्हणून असा घड बाजूला काढतात. हिरव्या मण्यावर गुलाबी दिसतंय, मूळ रंग एक आणि डोकावणारा दुसरा, म्हणजे ही गुलाबी झाकच. छटा म्हटलं की वाटतं द्राक्षं गुलाबीच आहेत, फक्त फिकी. ज्याने बाग बघितली नाही त्या वाचकाला बातमीतून उलटंच चित्र मिळतं. तसंच हिरव्या मण्याला पिवळी झाक आली की साखर भरत आलीये असं ते म्हणतात, अंबर कलर आला म्हणतात, आपल्याकडच्या बाजारात तो खपतो पण एक्स्पोर्टवाल्याला तो जास्त पुढे गेलेला वाटतो. म्हणजे एका झाकेवर माल कुठे जाणार आणि भाव काय मिळणार हे ठरतं. आणि गंमत नाही खरं सांगते, त्या घडांना झाक येऊ नये म्हणून शेतकरी त्यांना कागद बांधतात, त्यात वर्तमानपत्राचा कागदही असतो. कुणी सांगावं, तुमचाच अंक कुठल्यातरी बागेत द्राक्षं सांभाळत असेल, तर आतल्या बातमीत शब्द तरी नीट असावा.

आता दुसरा मुद्दा, तो म्हणजे "सर" आणि "ट". लालसर, काळसर, निळसर, पिवळसर, आणि दुसरीकडे पिवळट, काळपट, हिरवट, पांढरट, मळकट, धुरकट. पेपरात हे शब्द एकाच्या जागी दुसरा असे सर्रास पडतात. पण पिवळसर सदरा आणि पिवळट सदरा एक नाही. पिवळसर म्हणजे रंगवतानाच तसा घेतलाय, कापडच त्या रंगाचं. पिवळट म्हणजे पांढरा होता आणि पिवळा पडला, घामाने, कपाटात राहून, नीट न धुतल्याने. सर नुसतं सांगतो की त्या रंगाच्या जवळ आहे, ट बहुतेक वेळा सांगतो की असं व्हायला नको होतं. काळसर निळा ब्लाउज मी विकते, काळपट निळा परत पाठवते. अपवाद आहेत, गुलाबट हा शब्द छानच आहे, त्यात काही बिघडल्याची भावना नाही, आणि हिरवसर कुणी फारसं म्हणत नाही म्हणून हिरवटच दोन्हीकडे चालतो, पण तरी "हिरवट कांदा" म्हटलं की लासलगावच्या माणसाला लगेच कळतं की उन्हात उघडा राहिलाय. लालट आणि निळट मी कधी ऐकलं नाही. तांबूस आणि पांढुरका हे तर एकेकटेच राहिलेत, त्यांच्यासारखे दुसरे शब्द पटकन आठवत नाहीत, तेवढे तरी जपू. आणि हा सर काही रंगापुरता नाही, आपण रवा जाडसर दळतो, जमीन ओलसर असते, फळ गोडसर लागतं, म्हणजे मराठीला "थोडंसं" म्हणायला वेगळा शब्दच लागत नाही, शेपटी लावली की काम झालं. मग "हलका लाल", "हलका निळा" असं का लिहितो आपण? हलका वजनाला, हलका माल दर्जाला. रंगाला फिका नाहीतर फिकट, आणि रंग फक्त जवळपासचा असेल तर लालसर.

पांढऱ्याबद्दल दोन ओळी. लोकांना वाटतं पांढऱ्याला झाक नसते, पण सगळ्यात जास्त भांडणं पांढऱ्यावरच होतात. मोतिया, दुधी, श्रीखंडी, हाफ व्हाइट, आणि निळी झाक असलेला शुभ्र. सुती कापड धुऊन धुऊन पिवळट पडतं, म्हणून आपल्याकडे पूर्वीपासून शेवटच्या पाण्यात नीळ घालतात. नीळ काही मळ काढत नाही, ती कापडावर किंचित निळी झाक देते, निळा आणि पिवळा एकमेकांना मारतात आणि डोळ्याला कापड पांढरं दिसतं. झाकेवर झाक चढवून पांढरं करणं, हे आपल्या आज्या रोज करत होत्या.

आणि आता ज्यासाठी खरंच पत्र लिहायला घेतलं ते. काविळीचा लेख. तिथे "पिवळा होतो" लिहून भागत नाही हो. नवजात बाळाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ बऱ्याचदा येते आणि बहुतेक वेळा आपोआप जाते, पण पहिल्या चोवीस तासांत दिसली तर लगेच डॉक्टर, थांबायचं नाही. आणि ती येते ती पिवळा रंग म्हणून नाही येत, झाक म्हणूनच येते, आधी चेहऱ्यावर, मग छातीवर, पोटावर, खाली पायांकडे सरकत जाते, तळहात-तळपायापर्यंत गेली तर ते गंभीर. आपली बाळं गव्हाळ, सावळी, त्यांच्या कातडीवर ती झाक पटकन दिसतच नाही. आमच्या नातवाच्या वेळी सिस्टरने त्याला खिडकीपाशी नेलं, कपाळावर बोटाने हलकेच दाबून सोडलं आणि बोटाखालची जागा बघितली, मग डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या बघितल्या. खोलीच्या भिंती पिवळ्या होत्या आणि ट्यूब चालू होती, तिथे काहीच कळत नव्हतं, खिडकीत कळलं. मी उभी राहून बघत होते, आणि मनात आलं की हे तर माझंच काम आहे, उजेडात नेऊन झाक बघणं. ज्या आईने तुमचा लेख वाचला ती बाळ पिवळं दिसायची वाट बघत बसेल. "डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, हिरड्यांवर पिवळी झाक दिसते का ते दिवसाच्या उजेडात बघा" एवढं एक वाक्य हवं होतं. कृपा करून पुढच्या अंकात ते छापा.

पिण्याच्या पाण्याच्या बातम्यांतही हेच. पावसाळ्यात गोदावरीला गढूळ पाणी येतं तेव्हा नळाच्या पाण्याच्या तक्रारी छापून येतात आणि सगळीकडे "दूषित पाणी" हा एकच शब्द. माझा भाचा पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो, त्याला विचारलं तर म्हणाला, मावशी, पाण्यातली झाक मोजायला चक्क माप आहे. हेझन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १८९२ मध्ये प्लॅटिनम आणि कोबाल्टचं पिवळसर द्रावण करून पट्टी बनवली, आज ते एकक त्याच्याच नावाने चालतं. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, ५ हेझनपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १५ पर्यंत, आणि साधारण १५ च्या पुढे गेलं की ग्लासातल्या पाण्याची झाक बहुतेकांच्या डोळ्याला दिसते. मग बातमीत नुसतं दूषित का? तांबूस झाक असेल तर बऱ्याचदा लोखंडी पाइपचा गंज असतो, हिरवट असेल तर शेवाळाकडे बघावं लागतं, आणि ग्लासात दुधाळ दिसणारं पाणी खालून वर स्वच्छ होत गेलं तर ती नुसती हवा असते. अर्थात झाक नाही म्हणजे पाणी चांगलंच असंही नाही, जंतू डोळ्याला दिसत नाहीत. पण तक्रार करणाऱ्या माणसाने कुठली झाक ते सांगितलं आणि तुम्ही ती छापली, तर पाइप बघायचा की टाकी हे तरी लवकर कळेल.

एक चांगली गोष्टही सांगते. तुमच्या पेपरात बेपत्ता व्यक्तींची जी निवेदनं येतात, "रंग निमगोरा, बांधा मध्यम, अंगात पांढरट शर्ट", ती मी नेहमी वाचते. ते लिहिणाऱ्याला माहीत असतं की नेमका शब्द पडला नाही तर माणूस सापडणार नाही. निमगोरा म्हणजे अर्धा गोरा, "निम" लावून झालेला हा शब्द लग्नाच्या स्थळांत वाचला की मला राग येतो, मुलींना रंगावरून मापायला तो वापरतात म्हणून, पण निवेदनात तो योग्य जागी असतो. तोच काटेकोरपणा शेतीच्या आणि आरोग्याच्या पानावर यावा एवढंच मागणं आहे.

दर वर्षी २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाची पुरवणी निघते, ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हाही मोठी निघाली होती, भारी भारी लेख असतात. पुढच्या वेळी त्यात एक पान रंगांच्या शब्दांना द्या ना. लेख मोठ्या लेखकांकडून नको, येवल्याच्या विणकरांकडून, लासलगावच्या हमाल-व्यापाऱ्यांकडून, रंगकाम करणाऱ्यांकडून, गोठ्यातल्या माणसांकडून शब्द मागवा, गाई-बैलांच्या रंगांचे शब्द तर मला शहरात राहून निम्मेही माहीत नाहीत. बागलाण, कळवण, सुरगाणा, पेठकडच्या वाचकांनी त्यांच्याकडे झाकेला काय म्हणतात ते जरूर कळवावं, अहिराणीत आणि सुरगाणा-पेठकडच्या आदिवासींच्या कोकणीत वेगळे शब्द असतील तर तेही. दुकानात येणाऱ्यांना मी विचारतेच आहे, जे मिळतील ते लिहून ठेवतेय आणि तुम्ही पान काढणार असाल तर वही पाठवून देईन.

कळावे,
आपली नेहमीची वाचक,
नाशिकरोड, नाशिक